भरतीला न बुडणारा खडक

३ नोव्हेंबर

बुटके,

मायना काय लिहावा या विचारात चहा गार झाला, म्हणून हाक मारायचे तशीच लिहिली. तुला आता बुटकी म्हणणं हास्यास्पद आहे, चांगली चार बोटं माझ्यापेक्षा उंच झालीस. पण इतक्या वर्षांनी लिहायचं तर ओळखीच्या नावाने सुरुवात केलेली बरी.

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सगळं नीट झालं, काळजी करू नकोस. पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुझे केस कधी पिकले गं. दुसरं वाक्य तुझ्याबद्दल होतं. ते इथे लिहीत नाही.

घर आहे तसंच आहे, फक्त मागच्या अंगणाची भिंत जवळजवळ उरलेली नाही. बाबांनी रिटायर झाल्यावर तिचे दगड काढायचा सपाटा लावला होता. विचारलं की म्हणायचे, समुद्र दिसायला हवा. समोर शेजाऱ्यांची तिमजली इमारत, समुद्र कसला दिसतोय. आई म्हणायची, हा माणूस भिंत खातो की काय. ते गेले तेव्हा भिंत माझ्या गुडघ्याला लागत होती, अजून तेवढीच आहे. कपड्याची दोरी बांधायला कडी राहिली नाही म्हणून मी खिडकीच्या गजाला बांधते.

मी अजून नकाशा कचेरीतच आहे. आता तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल मिळालंय. दुपारी बंदरावरचं ऊन पाण्यावरून उलटून आमच्या छताला लागतं आणि सगळी खोली हलते. जेवण झाल्यावर मान वर करून बघत बसलं की आपण समुद्राच्या तळाशी बसून वर बघतोय असं वाटतं. साहेब मला एकदा म्हणाले, बाई, छतावर काम आहे का काही. कामाबद्दल मात्र काही लिहायचं नाही असा नियम आहे, आणि तू तर पलीकडची.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ताई

२४ नोव्हेंबर

बुटके,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही वाट पाहत नव्हते, फक्त पोस्टमन रोज कसा उशिरा येतो ते माझ्या लक्षात आलंय.

आता कामाबद्दल लिहिता येईल, कारण नकाशाचा मसुदा दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत छापून आला. तुमच्या आणि आमच्या मधल्या समुद्राची हद्द ठरते आहे. मी गेली दोन वर्षं तेच करते आहे.

तू लहानपणी बाबांना विचारायचीस, आपलं गाव कुठे संपतं. ते धक्क्याच्या शेवटच्या पायरीकडे बोट दाखवायचे. भरतीला पायरी बुडाली की तू म्हणायचीस, आता गाव छोटं झालं. तुझा प्रश्न खुळा नव्हता. आमच्या कामाची सुरुवात तिथूनच होते. किनाऱ्याचं पाणी दिवसभर पुढेमागे होतं, मग देशाची कड कुठली धरायची? तर सगळ्यात खाली जाणाऱ्या ओहोटीची. पाणी मागे मागे जाऊन जिथे थांबतं, जिथली वाळू वर्षातून थोड्याच वेळा ऊन बघते, ती आमची आधाररेषा. तिथून पुढे समुद्र मोजायचा. खाडीचं तोंड असेल तर ते एका सरळ रेघेने बंद करायचं, म्हणजे आतलं पाणी घरातलं झालं. मोकळा समुद्र असेल तर बारा मैलांपर्यंत पाणी आपलं. पण आपल्या मध्ये आहेत सातच मैल, दोघांचे बारा मावणार कसे? मग मधून रेघ काढायची, तिचा प्रत्येक बिंदू दोन्ही किनाऱ्यांपासून सारखा लांब.

ही रेघ कोणालाच दिसत नाही. तिच्यावरून मासे जातात, बोटी जातात, धुकं जातं. मला मात्र हल्ली डोळे मिटले तरी दिसते. परवा बसमध्ये डुलकी लागली तर मी तिच्यावरून चालत होते, पाणी घोट्याएवढं, कोमट, आणि दोन्ही किनारे सारखेच धूसर. कंडक्टरने उठवलं तेव्हा माझा थांबा मागे गेला होता.

एक गंमत सांगते. रेघ काढायला दोन्ही बाजूंची सगळ्यात पुढे आलेली टोकं लागतात. आमच्याकडून दीपगृहाचं टोक घेतलंय. तुमच्याकडून जे घेतलंय ते तुझ्या घराखालचं. मी रोज सकाळी टेबलाशी बसले की तुझ्या घराखालच्या टोकावर बोट ठेवून कामाला लागते. दोन वर्षांत एकही दिवस चुकला नाही.

कचेरीने काढलेली रेघ तशी सरळच आहे. एका ठिकाणी थोडी तुमच्या बाजूला फुगली आहे. ते तांत्रिक आहे.

आईचा उजवा डोळा पुढच्या महिन्यात.

ताई

११ डिसेंबर

बुटके,

तुझं पाकीट मिळालं. वर्तमानपत्रातला नकाशा कापून, फुगवट्याभोवती लाल पेनने गोल करून, खाली एवढंच लिहिलंस: "हे तू काढलंस?"

अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे झुकलेलं. मी पाकीट आईपासून लपवलं.

हो, मी काढलं. "कचेरीने काढलं" असं मागच्या पत्रात लिहिलं तेव्हाच कळायला हवं होतं की मला लाज वाटते आहे. त्या फुगवट्यात तुमच्या गावाची मासेमारी आहे, मेहुणे तिथेच जाळी टाकतात, हेही मला माहीत होतं. आमच्याकडे मासेमारीच्या जागांचाही नकाशा असतो. वाटलं होतं, तू विचारणारच नाहीस.

फुगवटा का आला ते सरळ सांगते. आपला खडक आठवतो ना? बाबा सुट्टीच्या दिवशी ओहोटीला बोट घेऊन आपल्याला न्यायचे तो. आमच्या किनाऱ्यापासून तीन मैल, तुमच्यापासून चार. बोलणी सुरू झाली तेव्हा दोन्ही देशांनी एक गोष्ट ठरवून टाकली. समुद्रातला जो खडक भरतीलाही कोरडा राहतो त्याला बेट म्हणायचं, आणि ते ज्याचं त्याच्या बाजूने मोजायचं. भरतीला बुडतो तो जमेस धरायचा नाही. मोजणीवाल्या पोरांनी उधाणाच्या भरतीला वरून ड्रोन उडवला. खडकाचा माथा चांगला हातभर कोरडा निघाला. लाटांमुळे उतरता आलं नाही, त्यांनी वरूनच मोजलं आणि लिहून दिलं: माथा पांढरा, पक्ष्यांची विष्ठा. झालं बेट. मग मधली रेघ आमच्या किनाऱ्यापासून न धरता त्या बेटापासून धरायची, म्हणून ती दीड मैल तुमच्याकडे सरकली.

कचेरीत पेढे वाटायचेच बाकी होते. साहेबांनी माझ्यासमोर पेपरमिंटची पुडी धरली, जी ते कोणासमोर धरत नाहीत.

पण बुटके, तुझी चिठ्ठी आल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खरं तर रेघ काढतानाच ती मनात आली होती, मी ती बाजूला सारली. आपण लहान असताना तो खडक बुडायचा. पाणी चढायला लागलं की बाबा शीळ घालायचे, आपण बोटीत चढायचो, आणि मागे वळून बघेपर्यंत तो गेलेला असायचा. तू रडायचीस, खडक मेला म्हणून. बाबा म्हणायचे, "मरतोय कसला, श्वास धरून बसलाय. उद्या सोडेल." तू घरी येईपर्यंत गाल फुगवून बसायचीस, त्याला सोबत म्हणून.

जुन्या नकाशातही तो बुडणाराच दाखवला आहे. पोरं म्हणतात, जुनी मोजणी चुकली असेल. मोजणी चुकते, मान्य. पण मी स्वतः पाहिलंय. खडक काही वाढत नाहीत.

मला तिथे जाऊन यायचंय. आधी वाटलं तुला लिहू नये. पण तू विचारलंस, तेव्हा सांगणं भाग आहे. नकाशावर सह्या फेब्रुवारीत होणार आहेत.

ताई

२७ डिसेंबर

बुटके,

हे पत्र मी लिहून ठेवणार आहे, पाठवणार नाही. आधी साहेबांना सांगायचं, मग टपालात टाकायचं. पलीकडच्या माणसाला आधी कळवलं तर मी चोर ठरेन, आणि ते बरोबरच होईल.

काल गेले होते. समुद्र तळ्यासारखा निवांत होता. धुकं असं की बोटवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा आपण थांबलो की चाललो ते कळेना. पाण्याला आवाज नाही, वाऱ्याला आवाज नाही. मग धुक्यातून तो हळूहळू वर आला. मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता. लहानपणी आपण त्याच्यावर पकडापकडी खेळायचो हे आता खरं वाटत नाही.

खालचा भाग आपलाच, काळा, कालवांनी खरखरीत झालेला. तू गुडघा फोडून घेतलास ती खाच मी ओळखली. आणि त्याच्यावर, जिथे माथा सपाट होता तिथे, पुरुषभर उंच ढीग. पांढरा. वर समुद्रपक्षी बसले होते. ते उडाले, मी हात लावला. वरवर पक्ष्यांचंच होतं, पण नखाने खरवडल्यावर खाली चुन्याचे थर लागले, एकावर एक. चुन्याखाली दगड. दगडांच्या फटीत सिमेंट, नीट थापीने भरलेलं, कडा बोटाने गोल केलेल्या.

थापीनंतर बोट फिरवायची सवय कोणाला होती ते तुला सांगायला नको.

मी ढिगाभोवती फिरले. लाट येते त्या बाजूला पाया रुंद धरलेला होता. एका दगडात लोखंडी कडी होती, गंजून बारीक झालेली, कपड्याची दोरी बांधायची. बुटके, ती आपल्या अंगणातली भिंत आहे. गुडघ्याच्या वरची सगळी तिथे नेऊन रचली आहे. बाबांची बोट केवढी, एका खेपेला दोन-तीन दगडांपलीकडे जात नसतील. किती वर्षं नेत होते कोण जाणे.

सगळ्यात वर, तुमच्या बाजूला तोंड करून, तो दगड होता ज्याच्यावर ते खिळ्याने आपली उंची कोरायचे. माझ्या रेघा खालच्या दगडांवर गेल्या असतील, त्या नाही सापडल्या. तुझी एक आहे. शेजारी त्यांनी तुझं वय कोरलंय, नऊ.

मी तिथे बसून रडले. बोटवाला बिचारा दुसरीकडे बघत बसला.

तू गेलीस त्या दिवशी धक्क्यावर ते तुला म्हणाले होते, "तिकडे जातेस तर तिकडचीच होऊन राहा." मी शेजारी उभी होते. त्यानंतर त्यांनी घरात तुझं नाव काढलं नाही, आम्हालाही काढू दिलं नाही. तू आली नाहीस, त्यांच्या शेवटच्या दिवसांतही आली नाहीस, याचा मला राग होता. आहे. पण ते म्हातारपणी बोट वल्हवत तिथे जायचे आणि तुझ्या खिडकीतून दिसेल असं काहीतरी रचत बसायचे. दरवेळी थोडं उंच, भरतीला बुडू नये एवढं. ते पांढरंशुभ्र राहावं म्हणून चुना लावायचे. हे सगळं केलं आणि एक पत्र लिहिलं नाही. असला हट्टी माणूस.

आता माझी पंचाईत ऐक. माणसाच्या हाताने रचलेलं बेट कायद्यात बेट नसतं. जमीन मुळातली लागते. मी तोंड उघडलं तर बेट जाईल, फुगवटा जाईल, मेहुण्यांचा समुद्र राहील. पण मग खरं काय ते बघायला दोन्हीकडचे लोक जातील आणि ढीग फोडतील. बाबांनी तुझ्याशी बोललेलं तेवढंच आहे, आणि ते मी पहारीने फोडायला लावायचं. गप्प राहिले तर तो उभा राहील. आमच्या नकाशावर बेट म्हणून छापला जाईल, कदाचित नावही मिळेल. आणि तुमच्या घरातली चूल विझेल.

रात्रभर झोप नाही असं लिहिणार होते, पण खोटं होईल. गाढ झोपले. स्वप्नात बाबा भिंतीला चुना लावत होते आणि भिंत समुद्रात होती.

ताई

५ जानेवारी

बुटके,

सांगितलं. आता दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे.

आधी घरी आईला विचारलं. वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती नव्या डोळ्याने सुईत दोरा ओवत होती, एवढ्यात चार वेळा ओवून पुन्हा काढला होता, नुसतं दिसतंय याचं कौतुक. मी खडकाचं सगळं सांगितलं. ती दोरा ओढत म्हणाली, "मला काय सांगतेस. चुना मीच भिजवून द्यायचे."

एवढी वर्षं भिंत खातो की काय म्हणून चेष्टा करणारी ही बाई! मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. म्हणाली, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. शिवाय तू लगेच पट्टी घेऊन मोजायला गेली असतीस.

मग मी विचारलं की ढीग फोडावा लागेल, चालेल का. तिने सुईतला दोरा पुन्हा काढून घेतला. मग म्हणाली, "अगं, ते दगड तिला दिसावेत म्हणून नेले होते. तिच्या पोटावर पाय द्यायला नव्हते नेले."

एवढं ऐकल्यावर काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. तो ढीग माझ्या वडिलांनी रचला आहे, पलीकडे माझी बहीण राहते, आणि हे मी त्या दोन्ही कारणांमुळे आधीच सांगायला हवं होतं, असं सगळं उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग हळू आवाजात म्हणाले, बाई, केवढा समुद्र जाईल याची कल्पना आहे का तुम्हाला. मी म्हटलं, तो आपला नव्हताच. छतावर उजेड हलत होता आणि पहिल्यांदाच त्यांनीही मान वर करून तो पाहिला. मग म्हणाले, लेखी द्या.

मी दिलं. कचेरीत आता मला घरभेदी म्हणतात, तोंडावर नाही, पण चहाच्या वेळी माझी खुर्ची भरलेली असते. खिडकीजवळचं टेबलही गेलं. खाली जुन्या नकाशांच्या गोदामात बसवलंय. तिथे उजेड नाही पण शांत आहे, आणि कागदांना ओलसर गोड वास येतो. माझं वाईट वाटून घेऊ नकोस. जे वाटायचं ते माझं मी वाटून घेईन.

महिनाअखेरीच्या उधाणाला दोन्हीकडचे मोजणीदार एकत्र खडकावर जाणार. ढीग काढून मूळ माथा बघणार. तुमच्या मच्छीमारांचाही एक माणूस साक्षीला असेल.

तुझी परवानगी न घेता केलं. रागावणार असशील तर रागाव, पण लिहून रागाव.

ताई

२ फेब्रुवारी

बुटके,

तुझं पत्र सांगितल्याप्रमाणे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मला थांबावं लागलं, तेव्हा तिने माझ्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचलं. डोळा चांगलाच काम करतोय.

तू लिहिलंस की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पांढरं टिंब तुला रोज दिसायचं. माझ्या भाचीला तू ते पक्ष्यांचं गाव म्हणून सांगितलंस, आणि ती जेवत नसली की तिकडे बघत घास भरवलास. तीन वर्षांपूर्वी ते मळकट दिसायला लागलं तेव्हा तुला वाटलं, खिडकीची काच पुसायला झाली. तू पुसलीसही. बाबा त्याच महिन्यात गेले होते. एवढंच लिहून तू पुढची ओळ कोरी सोडलीस. तिथेच मी थांबले होते.

आता परवाचं सांगते. तू आली नाहीस, ते बरं केलंस. मलाही साहेबांनी फक्त दगड ओळखायला नेलं होतं.

मेहुण्यांना मी आधी ओळखलं नाही. लग्नाचा फोटोही तू कधी पाठवला नाहीस. पण तुमच्या बोटीतून एक उंच माणूस उतरला, माझ्याकडे आला आणि "ताई" म्हणून वाकला. मी म्हटलं, तुमचं जाळं फाडायला निघाले होते मी. ते हसले. म्हणाले, "फाटलं की शिवतो आम्ही, तेच तर काम आहे." मितभाषी आहेत. तुला असाच नवरा मिळायला हवा होता, तू एकटीच दोघांचं बोलतेस.

दगड मोजणीवाल्या पोरांनी काढले. त्यांना वाटलं होतं दोन-चार ठोक्यांत होईल. बाबांचं सिमेंट होतं ते, घाम निघाला. साहेब स्वतः बघत होते, एका दगडाची कड हाताने चाचपून म्हणाले, कामाचा माणूस होता. मी सगळ्यात वरचा, तुझा दगड आधी बाजूला ठेवला होता. मेहुण्यांनी काही न विचारता तो उचलून तुमच्या बोटीत नेला. बाकीचे आमच्या बोटीत आले. घरीच आणले, कोणी अडवलं नाही.

माथा मोकळा झाला आणि आम्ही सगळे पाण्याची वाट बघत बसलो, दोन देशांची माणसं, दोन बोटींत, मधे एक काळा खडक. ऊन मऊ होतं. पाणी सगळीकडून एकदम आलं, आवाज न करता, कालवांवरून, तुझ्या गुडघ्याच्या खाचेवरून. सपाट माथ्यावर आधी एक आरसा झाला, त्यात आकाश आलं, मग आरसाही गेला. साहेबांनी घड्याळ बघून लिहून घेतलं. तुमच्या मोजणीदाराने लिहून घेतलं. मला श्वास सोडायचं भान नव्हतं. मेहुण्यांनी पलीकडच्या बोटीतून विचारलं, ताई, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, हो, त्याला सोबत करत होते. त्यांना काय कळलं असेल देव जाणे. तू सांग त्यांना.

रेघ आता सरळ आहे. मीच पुन्हा काढली, गोदामातून वर बोलावून घेतलं त्यासाठी. त्या पट्ट्यातला प्रत्येक बिंदू दीपगृहापासून आणि तुझ्या घराखालच्या टोकापासून सारखा लांब.

ताई

१९ फेब्रुवारी

बुटके,

तुझं पत्र आज आलं, आणि मी कचेरीला निघायच्या चपला घालून उंबऱ्यातच उभ्याने वाचलं.

तू विचारतेस की दगड जमिनीपासून किती उंचीवर होता. भाचीला नववं लागलंय, तुला तिला त्या रेघेशी उभं करून बघायचंय, पण दगड जमिनीवर ठेवला तर रेघ तिच्या घोट्याला लागते आणि कपाटावर ठेवला तर डोक्याच्या वर जाते. मेहुणे म्हणतात अंदाजाने धरू. आणि तू म्हणतेस, ताई मोजणीवाली आहे, तिला माहीत असेल, तिने आकडा कळवावा.

आकडा मला माहीत आहे. कळवणार नाही.

आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट आहे. नुसत्या रेघेला काही अर्थ नसतो. ती कुठून मोजली ते आधी ठरवावं लागतं, आणि ते अंदाजाने धरलं की पुढचं सगळं चुकतं. समुद्राचं आम्ही ओहोटीपासून मोजतो. तुझं बाबांनी आपल्या अंगणातल्या फरशीपासून मोजलं होतं, मोरीजवळच्या, जिथे तू टाचा उचलून उभी राहायचीस आणि ते तुझ्या डोक्यावर पुस्तक दाबून म्हणायचे, खाली हो. ती फरशी तुझ्याकडे नाही. ती इथे आहे.

तुझ्या खिडकीतून आता काही दिसत नाही, हेही तू लिहिलंस. नुसतं पाणी, म्हणालीस. मला माहीत आहे. ते मीच पुसलं. इकडे बघायचं तर आता इकडे यावं लागेल, दुसरा उपाय मी ठेवलेला नाही.

पहिल्या पत्रात आईचं दुसरं वाक्य मी लिहिलं नव्हतं. पट्टी काढल्यावर मला बघून झालं आणि ती म्हणाली, "आता तिला दाखव."

मी तेव्हा म्हटलं, अगं ती कुठे आहे, पलीकडे आहे. आई म्हणाली, म्हणजे फार लांब नाही.

परत आणलेले दगड अंगणात पडलेत. दोन रविवार मी आणि गवंडी मिळून ते पुन्हा रचतो आहोत, जुन्या क्रमाने. क्रम आईला पाठ आहे, ती खुर्चीत बसून काठीने दाखवते आणि चुकलं की गवंड्याला ओरडते. कडीचा दगड जागेवर बसला, काल दोरी बांधली. माझ्या रेघाही सापडल्या, चुन्याखाली होत्या. मधे एका दगडाची जागा मोकळी सोडली आहे. गवंडी विचारत होता, इथे काय घालू. आई म्हणाली, तिथला दगड यायचाय.

मेहुण्यांना सांग, दगड जड आहे, बोटीच्या मधोमध ठेवा. भाचीला सांग, टाचा उचलायच्या नाहीत.

आईने सकाळीच चुना भिजत घातलाय.

ताई